क्रेनचा रोप तपासण्यात करिअर आहे का?

"मी गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत क्रेन चालवतो. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ट्रेनिंगला आली असताना तिनं क्रेनचा वायर रोप चुंबकाच्या यंत्रानं तपासताना पाहिला. आता हेच शिकायचं म्हणते. यात पोट भरेल का?" – एक पालक, उजळाईवाडी

दादा, तापलेल्या रसाची लॅडल तुम्ही रोज त्याच रोपावर उचलता, तेव्हा या कामाची किंमत मी तुम्हाला काय सांगणार!

मोटेचा नाडा वरून धड दिसायचा आणि आतून कुजलेला निघायचा. पोलादी रोपाचंही तसंच. पुलीवरून वाकून वाकून आतल्या तारा तुटतात, ग्रीस सुकलं की गाभ्याजवळ गंज धरतो, आणि बाहेरच्या पेडांवर मात्र काही दिसत नाही. यंत्रातले जोरदार चुंबक रोप भारून टाकतात. जिथं तार तुटलेली असेल तिथं चुंबकीय प्रवाह बाहेर फुटतो आणि सेन्सर तो पकडतो. आलेखावर दोन रेषा येतात. एक झीज आणि गंजामुळं एकूण किती धातू कमी झाला ते सांगते, दुसरी एखाद्या जागचा दोष दाखवते. पण रेषेतली ती उसळी तुटलेल्या तारेची की आणखी कशाची, हे माणसालाच ठरवावं लागतं. शिवाय रोपाच्या टोकांजवळ, म्हणजे टोक जिथं पक्कं बसवलेलं असतं त्या सॉकेटपाशी, हे यंत्र अडखळतं. तिथं डोळेच लागतात.

आता पोटाचं. नुसत्या रोपावर विसंबू नका, हे माझं स्पष्ट मत. खाणी, रोपवे, बंदरं इथं हे काम आहे, पण ते फिरतीचं. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावात कास्टिंगची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी) आणि मॅग्नेटिक पार्टिकल (भारलेल्या लोखंडावर भुकटी टाकून भेगा दाखवणारी) तपासणी चालते. आधी त्या दोन्हींत लेव्हल २ चं प्रमाणपत्र घेऊ द्या. लेव्हल १ वाला दुसऱ्याच्या सूचनेनुसार काम करतो, निकाल लेव्हल २ वाला देतो. वस्तू न मोडता करायच्या अशा तपासण्यांची इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही चेन्नईची संस्था आहे, तिच्या शाखा पुण्या-मुंबईत आहेत, चौकशी तिथं करा. गल्लीतल्या 'आठवड्यात सर्टिफिकेट'वाल्यांच्या नादी लागू नका. प्रमाणपत्रासोबत प्रत्यक्ष कामाचे तासही मोजले जातात.

मुलीच्या जातीला उंचावर चढायला लावतील का, ही काळजी तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमधून दिसली. चढावं लागतं. हार्नेस लावून चढतात, मुलीही चढतात.

पुढच्या वेळी रोप बदलला की भंगारात जाण्याआधी हातभर तुकडा मागून घ्या. हातमोजे घालून तिला पेड उलगडू द्या आणि आतल्या तुटक्या तारा मोजायला सांगा. तासभर त्यात रमली, तर फॉर्म भरा.