पोट खाजवलं की कुत्रा हवेतच पाय का झाडतो?

ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पोटाच्या किंवा बरगड्यांवरच्या ठरावीक जागी हात लागला की तिथल्या नसांचा संदेश मज्जारज्जूत जातो आणि मेंदूला न विचारता तिथूनच मागचा पाय हलायला लागतो. पंजा अंगाला टेकतही नाही, तरी बिचारा फटाफट हवा खाजवत राहतो! ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६च्या ग्रंथात कुत्र्यांमधल्या याच क्रियेचं वर्णन केलंय.

हात काढल्यावर तो परत जवळ सरकला तर खुशाल खाजवा, अंग चोरून उठला तर थांबा.

मात्र कोणी हात न लावताही सारखा शेपटीच्या मुळाशी चावत असेल, तर केस बाजूला करून बघा. मिरपुडीसारखे काळे कण ओल्या कापसावर तांबूस झाले, तर पिसवा झाल्यात. लगेच पशुवैद्यांना दाखवा.