रानटी फळझाडं जंगलातच का जपायची, बिया बँकेत ठेवून भागत नाही का?

फक्त बियांवर नाही भागत, निदान संत्र्या-लिंबाच्या बाबतीत तरी. या वर्गातल्या बऱ्याच बिया गहू-ज्वारीसारख्या खडखडीत वाळवून फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं ठेवता येत नाहीत, वाळवल्या की उगवण्याची ताकदच जाते, म्हणून झाड जिवंत ठेवावं लागतं. आणि बागेत चार झाडं लावली तरी ती फक्त चार झाडंच, जंगलात कसं, दर पिढीत नवीन रोपं येतात, रोग-पाऊस-दुष्काळ सोसून जी टिकतात ती पुढे जातात, ही निवड बँकेत थांबलेली असते.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण मेघालयातलं नोकरेक, गारो टेकड्यांमधलं. तिथे सिट्रस इंडिका हे रानटी संत्रं जंगलात वाढतं, गारो लोक मृत्यूनंतरच्या विधीत आणि औषधात ते वापरतात म्हणून ते राखलंही जातं. या झाडांसाठी तिथे खास जनुक अभयारण्य, म्हणजे रानटी वाण जागेवरच जपायची राखीव जागा केलीय, 1988 ला नोकरेक बायोस्फिअर रिझर्व्ह झालं आणि 2009 ला युनेस्कोच्या अशा राखीव क्षेत्रांच्या जागतिक यादीत आलं. धोका आहेच, झूम शेतीत, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत, जमीन पडीक ठेवायचा काळ कमी झाला की जंगल परत उभंच राहत नाही, त्यामुळे गावाला सोबत न घेता नुसतं कुंपण घालणं मला तरी साफ चुकीचं वाटतं.

विदर्भातल्या लोकांनी तर हे मनावर घ्यायलाच हवं, नागपुरी संत्र्याची कलमं जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या झाडावर, बांधतात आणि डिंक्या या मूळ-खोडाच्या रोगाने बागा वाळतात, उद्याचा दणकट खुंट अशाच रानातनं मिळू शकतो.