आजचा शांताराम कोण?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख निपाणीहून पोचला, मनापासून वाचला. ‘व्ही. शांतारामांच्या तोडीचा आज कोण?’ हा प्रश्न तुला पडला याचा फार आनंद झाला. उत्तरावर मात्र मी भांडणार आहे. तू सात नावं दिलीस आणि प्रत्येक नावापुढं पारितोषिकांची जंत्री लावलीस. अशानं तुलना होत नाही गं. अडचणीच्या जागी यानं काय केलं, त्यानं काय केलं, ते शेजारीशेजारी मांडावं लागतं.

आधी हे ठरव की शांताराम म्हणजे कुठले? १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभी करणाऱ्या मंडळींतले, की १९४२ नंतर मुंबईत ‘राजकमल’ स्टुडिओ चालवणारे? ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘नवरंग’वाल्या शांतारामांचा वारस शोधायला लांब जायला नको. रंग, नाच, भव्य सेट, प्रत्येक चौकटीत सजावट: संजय लीला भन्साळी. तुझ्या यादीत हे नाव नाही. कदाचित ते तुला हलकं वाटलं असेल. तसं वाटून घेऊ नकोस. जे आहे ते आहे.

मला ओढ आहे ती ‘प्रभात’च्या शांतारामांची. १९३७ चा ‘कुंकू’ घे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच तयार नाही. तो काळ असा की गाण्या-बजावण्याशिवाय बोलपट म्हणजे लोकांना अळणी वाटायचा. आणि या माणसानं पार्श्वसंगीतच काढून टाकलं. गाणी आहेत, पण एरवी जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि त्या रस्त्यावरचं. प्रसंग गहिरा झाला म्हणून मागून वाद्यं येत नाहीत. नीरा एकटी पडते तेव्हा आपल्यालाही कुणी आधार देत नाही.

आता ‘सैराट’. २०१६ चा. पूर्वार्धात अजय-अतुलचा अख्खा पाश्चात्त्य वाद्यवृंद कानावर कोसळतो, थेटरात पोरं खुर्च्या सोडून नाचली. उत्तरार्धात गाणी आटत जातात, आणि शेवटी तर आवाजच बंद होतो. रडणारं लेकरू दिसतं, त्याचं रडणं ऐकू येत नाही. लोकांना हवं ते ओंजळी भरभरून द्यायचं आणि नेमक्या क्षणी काढून घ्यायचं, ही हिंमत मी ‘कुंकू’त बघितली आणि पुन्हा नागराज मंजुळ्यांत बघितली. ‘फँड्री’त डुकराच्या मागं धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. तिथंही सगळा खेळ आवाजाचाच आहे. तर एकच नाव मागशील तर माझं उत्तर मंजुळे. दोघांनाही समाजाला जाब विचारायचा आहे आणि दोघांनाही शेवटच्या रांगेतला प्रेक्षक हवा आहे.

तू चैतन्य ताम्हाणेंना पहिल्या क्रमांकावर ठेवलंस. त्यांचा ‘कोर्ट’ मला अतिशय प्रिय आहे, पण ते घराणं वेगळं. न्यायालयाचं कामकाज संपतं, माणसं जातात, दिवे मालवले जातात, तरी कॅमेरा हलत नाही. शांताराम असे थांबलेच नसते, त्यांनी आपल्याला दंडाला धरून हलवलं असतं. ताम्हाणेंची तुलना करायचीच तर ‘प्रभात’मधल्याच दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’शी कर. तिथं कॅमेरा माणसांचं रोजचं जगणं घाई न करता बघतो. जिजाईचं काम करणाऱ्या गौरी काही नावाजलेल्या नटी नव्हत्या, आणि ‘कोर्ट’मधला शाहीर झालेले वीरा साथीदारही चळवळीतले. दोन्हीकडं अभिनय पाठ केल्यासारखा वाटत नाही.

आता आपल्या भागाबद्दल. तुझ्या लेखात बेळगाव कुठंच नाही, याचं मला वाईट वाटलं. कोल्हापूरचे शांताराम पोरवयात हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात राबले, तिथल्याच एका सिनेमाघरात मिळेल ते काम करत त्यांनी सिनेमे बघितले. कोल्हापूर-हुबळी म्हटलं की मध्ये आपणच. १९३९ च्या ‘माणूस’मधली मैना म्हणजे शांता हुबळीकर, नावातच गाव. ‘कशाला उद्याची बात’ या त्यांच्या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतली कडवी आहेत. भाषा बदलत जाणारं गाणं तुला-मला नवीन नाही, बेळगावच्या खडेबाजारात एक फेरी मारली तरी दुकानदार गिऱ्हाईक बघून मराठी-कन्नड-उर्दू बदलत असतो.

आणि १९४१ चा ‘शेजारी’ तर तू बघायलाच हवा. जिवबा आणि मिर्झा, एक हिंदू, एक मुसलमान, जिवाला जीव देणारे. गावात धरणाचं काम येतं आणि त्यापायी दोघांत फूट पाडली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीत भिंतीला भिंत लावून राहणारी मराठी आणि कन्नड घरं आपण जन्मभर बघतोय. पाटीवरून, भाषेवरून तंटा पेटला की त्याच दोन घरांत काय होतं, तेही बघतोय. आजच्या कुणा दिग्दर्शकाचा ‘शेजारी’ला जोड म्हणावा असा सिनेमा मला आठवत नाही. तुलनेत अशी मोकळी जागा सापडली तर ती लपवू नकोस, तीच लिही. मला तर तुझ्या लेखाचा गाभा तिथं दिसतो.

तुला कन्नड वाचता-बोलता येतं, हे पुण्या-मुंबईच्या समीक्षकांकडं नाही. ‘सैराट’चा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ बघ, नायिका तीच, रिंकू राजगुरू. काय हरवलं, काय टिकलं ते टिपून ठेव. गिरीश कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ आणि राम रेड्डींचा ‘तिथि’ही बघ. पण या लेखात ते कोंबू नकोस, गर्दी होईल.

सातांतली पाच नावं काढ. ‘कुंकू’ आणि ‘सैराट’ लागोपाठच्या दोन संध्याकाळी बघ, दुसऱ्यांदा बघताना डोळे मिटून नुसतं ऐक. मग ‘शेजारी’. नवा खर्डा झाला की पोस्टानं पाठव. मोबाईलवर वाचायला माझे डोळे आता साथ देत नाहीत, आणि समासात लिहायला मला जागा लागते.

तुझा,
काका
खानापूर