व्हॉट्सॲपवरच्या क्विझमध्ये प्रश्न विचारायची तुमची पाळी यायच्या आधी
दोन-तीन प्रश्न उत्तरासकट आधीच लिहून ठेवा. पाळी आल्यावर शोधत बसलात की खेळ थंडावतो.

प्रश्नाला एकच उत्तर हवं. ‘भारताचे पहिले गव्हर्नर जनरल कोण?’ एवढंच टाकलंत तर वाद ठरलेला: कुणी बेंटिंक म्हणेल (ब्रिटिश भारताचे पहिले), कुणी माउंटबॅटन (स्वतंत्र भारताचे पहिले), कुणी राजाजी म्हणजे सी. राजगोपालाचारी (पहिले भारतीय), आणि तिघांकडेही मुद्दा असेल. ‘पहिले भारतीय’ असं बांधून विचारा.

आकडे ताजे बघा. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यापासून महाराष्ट्राचे जिल्हे ३६. जुन्या गाइडात ३५च सापडतील.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटं बदलता येतो, म्हणून एडिट केलेलं उत्तर सरळ बाद. दोन मिनिटांत कुणालाच आलं नाही तर एक हिंट द्या. तरीही नाही, तर उत्तर सांगून पाळी पुढच्याला.