बायपासनंतर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्या का?

वडिलांच्या बायपासला बारा दिवस झाले. डिस्चार्जच्या कागदावर नसलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची १,८०० रुपयांची डबी मामांनी 'ताकद लवकर येते' म्हणून आणून दिली. ती सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय.

भाऊ, सील फोडलं नसेल तर फोडू नका.

मी डॉक्टर नाही. नागपूरच्या धंतोलीत एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं आणि २०१९ मध्ये माझी स्वतःचीही बायपास झाली. म्हणजे अशा डब्या मी विकल्याही आहेत आणि खाल्ल्याही आहेत.

गंमत अशी की औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी (एमआर) जे सांगतात ते सगळं खोटं नसतं. बऱ्याच ऑपरेशनांत हृदय थांबवून रक्त मशीनवर फिरवतात. तासाभराने हृदयाला पुन्हा रक्त मिळालं की फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, एकदम वाढतात; अँटिऑक्सिडंट त्यांनाच आवरतात. रक्त मशीनच्या नळ्यांमधून फिरल्यामुळेही शरीरात दाह उठतो. त्या दिवसांत ठोके बिघडण्याचा त्रास साधारण चौथ्या हिश्शाच्या पेशंटना होतो, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीपासून चार-पाच दिवस व्हिटॅमिन सी हे अँटिऑक्सिडंट देऊन पाहिलं. काही लहान चाचण्यांत फायदा दिसला, काहींत दिसला नाही. सेलेनियम या खनिजाची मोठी चाचणी २०२३ मध्ये छापून आली. सुमारे १,४०० पेशंटना ते शिरेतून दिलं होतं, पण हाती काही लागलं नाही.

आता तुमच्या घरचं बघा. बारावा दिवस आहे. ज्या वादळासाठी ही छत्री होती ते येऊन गेलं.

आणि पुढे हृदय सांभाळायला म्हणून रोज घ्यावी का? ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर पाच वर्षं हाच प्रयोग झाला, रोज ई, सी आणि बीटा कॅरोटीन देऊन. निकाल २००२ मध्ये आला. रक्तात व्हिटॅमिन वाढलं, पण हार्ट अटॅक आणि मृत्यू तेवढेच राहिले. वडील विडी-सिगारेट ओढणारे असतील तर डबीवर बीटा कॅरोटीन आहे का ते आधी वाचा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना ते दिलं तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला दिसला होता.

माझी चूक सांगतो. घरी आल्यावर मी दुकानातलीच व्हिटॅमिन ई ४०० सुरू केली, कोणाला न विचारता. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालूच होत्या. पंधरवड्यात दंडावर निळे डाग उठले आणि दाढी करताना कापलं की रक्त थांबेना. ते ई मुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणत, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा जोर ते वाढवू शकतं. डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी बघितली नि विचारलं, "दुकान तुमचं, पण पेशंट कोणाचा?" बायकोला मात्र फार बरं वाटलं ते ऐकून.

वडिलांची झडप बदलली असेल आणि रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम चालू असेल, तर जास्तच सांभाळा. अशा काही डब्यांत कोएन्झाइम क्यू-टेन नावाचा घटक असतो. तो त्या गोळीचा असर कमी करू शकतो, मग आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा तपासणीतला आकडा, खाली येतो. आयएनआर जागेवर नसला तर झडपेवर गुठळी होऊ शकते.

मला वाटतं, मामांना वडिलांचा थकवा दिसतोय आणि तो खरा आहे. पहिले पंधरा दिवस माझ्या तोंडाला चव नव्हती, पिठलंही कडू लागायचं. भूक नाही म्हणून खाणं नाही, खाणं नाही म्हणून ताकद नाही. शिवाय ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन बऱ्याचदा उतरलेलं असतं, ते पुढच्या तपासणीत विचारा. जखम भरायला प्रोटीन लागतं. अंडं चालत असेल तर अंडं द्या, नाहीतर मुगाची डाळ, दही, पनीर, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं ते यंत्र जितके वेळा सांगितलंय तितके वेळा ओढायला लावा. आमच्याकडे ते फ्रिजवर जाऊन बसलं होतं. चालणं सांगितलं असेल तेवढंच, आणि या उन्हात सकाळी सहाच्या आत.

सी हवंच असेल तर आपण नागपुरात राहतो, काहून कॅप्सूल? शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण ५० मिलिग्रॅम सी असतं, माणसाला दिवसाला लागतं ८०. हंगामात दोन संत्री पुरतात, एरवी पेरू किंवा आवळा. शुगर असेल तर किती खायचं ते विचारून, आणि रस काढून तर नाहीच. कोलेस्टेरॉलच्या गोळीवर संत्रं चालत नाही असं कोणी सांगेल. ती भानगड ग्रेपफ्रूटची आहे, पपनसही टाळलेलं बरं. संत्र्याचं तसं नाही. उलट लोक ती कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, 'गरम पडते' म्हणून बंद करतात आणि कॅप्सूल नेमाने खातात, असे गिऱ्हाईक मी रोज बघितलेत.

तरी घरात वाद होत असेल तर डबीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून सर्जनला दाखवा. फक्त नाव सांगून भागत नाही, आतलं सगळं वाचू द्या.

आणि हो, बिल असेल नि सील शाबूत असेल तर दुकानदार बहुतेक डबी बदलून देतो. रोख परत मागाल तर कुरकुर करेल. त्यापेक्षा तेवढ्याच पैशांची वडिलांची महिन्याची औषधं उचला. मामांना कळवायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.