वाचक विचारतात : सत्याग्रह, संविधान आणि नागरिकाचे गुण

प्रश्न : अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करणाऱ्या डॉ. आंबेडकरांनीच १९४९ साली ‘सत्याग्रह सोडा’ म्हटलं. भूमिका बदलली का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातलं ते विधान बहुतेक जण अर्धंच सांगतात. पुढे लगेच अट आहे : घटनात्मक मार्गच नव्हते तेव्हा अशा आंदोलनांचं बरंचसं समर्थन करता येत होतं, ते मार्ग खुले झाल्यावर करता येत नाही. ही अट नाशिकला लावून बघा. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा मंदिर उघडायला भाग पाडणारा कायदा नव्हता. मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव अस्पृश्यांना पाणवठे, शाळा अशा सार्वजनिक सोयी खुल्या करण्यापुरता, आणि अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या मर्जीवर. संविधानात मात्र कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम २५ ने सार्वजनिक हिंदू मंदिरं सर्वांना खुली करणारा कायदा करायची मुभा दिली, आणि मूलभूत हक्क डावलला गेला तर कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय.

शिवाय सत्याग्रह त्यांच्या लेखी साधनच होता. मार्च १९३४ मध्ये नाशिकच्या सत्याग्रहातले सहकारी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून त्यांनी तो थांबवायला सांगितलं : हेतू मूर्तिपूजक घडवण्याचा नव्हता, समाजाला आपल्या स्थितीची जाणीव करून देण्याचा होता. पुढच्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही येवल्याची घोषणा झाली.

(घटनाबाह्य मार्गांना त्यांनी त्याच भाषणात ‘अराजकाचं व्याकरण’ म्हटलं; मोर्चा दिसला की ते सुनावणाऱ्यांसाठी : शांततेने, विनाशस्त्र जमायचा हक्क कलम १९ नेच दिलेला आहे.)

प्रश्न : संविधानिक नैतिकता म्हणजे कायदा पाळणं एवढंच ना? (अभ्यासगट, नाशिकरोड)

उत्तर : तेवढ्याने भागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोट याचा उतारा वाचला. त्यात अधिकाऱ्याचा कायदेशीर हुकूम मानायचा, पण त्याच्यावर मोकळेपणाने टीकाही करायची, असं दुहेरी वळण आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड : विरोधकही हीच चौकट मानतो, हा विश्वास. गाडी अडते ती इथेच. प्रभागातल्या निवडणुकीत हरलेला गट निकाल मान्य करतो, पण जिंकलेला पुढची निवडणूक नीट होऊ देईल यावर त्याचा भरवसा नसतो. हा गुण उपजत नसतो, अंगी बाणवावा लागतो, असं तिथेच म्हटलंय.

प्रश्न : आंबेडकरांची ही भाषणं वाचायला सुरुवात कुठून करावी? (तोच अभ्यासगट)

उत्तर : शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या मालेतला १३ वा खंड घ्या. आधी १९४९ चं भाषण, मग १९४८ चं. पहिल्या बैठकीला १९४९ च्या भाषणाचा शेवटचा भागच पुरे. राजकारणातल्या विभूतिपूजेवर गट हमखास रेंगाळतो आणि बंधुतेचा परिच्छेद राहून जातो. तो उलट आधी वाचा. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, त्या टिकवायला पोलीस शिपाई लागेल, असं तिथे म्हटलंय. गटात वाद रंगायला तेवढं पुरतं.