हमी दहा वर्षांची, तक्रारीची मुदत मात्र दोनच

प्रश्न डोंबिवलीहून आला आहे. डिसेंबर 2021 मध्ये 4 लाख 35 हजारांचं मॉड्युलर किचन बसवलं. कोटेशनमध्ये ‘710 मरीन प्लाय’ लिहिलं होतं, सोबत दहा वर्षांची वॉरंटी. ऑगस्ट 2022 मध्ये सिंकखालचं कपाट फुगलं. डीलरने जानेवारी 2023 मध्ये ते बदलून दिलं. त्या पावसाळ्यात नवं कपाटही फुगलं, शेजारची दोनही. पुढे सहा-सात महिने व्हॉट्सॲपवर ‘माणूस पाठवतो’ चाललं आणि 14 मार्च 2024 रोजी कंपनीचा ईमेल आला: पाण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. वाचक भगिनी विचारतात, वॉरंटी 2031 पर्यंत आहे, तर आधी नोटीस पाठवून वाट पाहू का? की पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू?

ताई, अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात आणि जवळपास प्रत्येकात हीच चूक असते. वॉरंटी 2031 पर्यंत आहे म्हणून दावाही 2031 पर्यंत करता येतो, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. नकाराच्या ईमेलपासून मोजलं तर मुदत 14 मार्च 2026 ला संपते. आज जानेवारी 2026 संपत आलाय. तुमच्या प्रकरणात निर्णायक गोष्ट ही तारीख आहे, बाकी सगळं तिच्यानंतर.

समोरचा वकील याहून मागची तारीख धरणार. तो म्हणेल, कपाट पहिल्यांदा ऑगस्ट 2022 मध्ये फुगलं, म्हणजे मुदत ऑगस्ट 2024 लाच संपली. तुमचं उत्तर असं: जानेवारी 2023 मध्ये कपाट बदलून दिलं तेव्हा वॉरंटी पाळली गेली. दुसऱ्यांदा फुगल्यावर ती पाळायला नकार दिला, तोच हमीभंग आणि तेच तक्रारीचं कारण. मला हे उत्तर टिकण्यासारखं वाटतं. ग्राहक आयोग ते मान्य करेलच अशी खात्री मात्र मी देणार नाही. म्हणून तक्रारीसोबतच कलम 69 च्या पोटकलम 2 खाली विलंब माफीचा अर्ज जोडा आणि त्यात कोणत्या तारखेला कोणी काय आश्वासन दिलं ते क्रमाने लिहा. ‘आम्ही साधी माणसं, कायदा माहीत नव्हता’ हे वाक्य त्यात नको. त्याने विलंब माफ होत नाही.

शेजारच्या वकिलांनी सांगितलं की नोटीस दिली की मुदत नव्याने सुरू होते. होत नाही. पत्रव्यवहाराने किंवा नोटिशीने संपत आलेली मुदत लांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात तर असं म्हटलं आहे की समोरच्याने मुद्दा काढो न काढो, तक्रार मुदतीत आहे का हे आयोगाने स्वतःहून पाहायचं असतं. ग्राहक तक्रारीआधी नोटीस देणं बंधनकारकही नाही. पाठवायचीच असेल तर याच आठवड्यात पाठवा, पंधरा दिवसांची द्या आणि उत्तर येवो न येवो, फेब्रुवारीत तक्रार दाखल करा. पोलिसांकडे जायला माझी मनाई नाही, पण तिथे ‘हा दिवाणी वाद आहे’ हेच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त आणि त्या चकरा मारताना मार्च उलटेल.

आता त्या वॉरंटी कार्डाविषयी. तुम्ही ते नकार आल्यावर पहिल्यांदा वाचलंत, याचा मला राग येतो. ‘पाणी, ओल, वाळवी यांमुळे झालेलं नुकसान वगळून’ हे वाक्य पहिल्या पानावर आहे. सिंकखालच्या कपाटाला पाण्यापासूनच जपायचं असतं. ते वगळल्यावर वॉरंटीत शटरचे कब्जे आणि चॅनेल सोडून काय उरतं? चार लाख मोजण्याआधी हे विचारायचं होतं.

तरीही या कलमाने तुमचा दावा बुडत नाही, कारण तुमचा खरा आधार वॉरंटी कार्ड नाही, कोटेशन आहे. कायद्यात ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्याने जो दर्जा सांगितला त्यात असलेली उणीवही येते. कोटेशनमध्ये ‘710’ म्हणजे आयएस 710, मरीन प्लायचं भारतीय मानक. या प्लायच्या नमुन्याला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत. असा प्लाय दोन पावसाळ्यांत भाकरीसारखा फुगत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सांडपाण्याच्या पाइपासाठी मागच्या फळीत भोक पाडलेलं दिसतं. त्याची कड नीट पाहा. प्लाय असेल तर आडवे थर दिसतील. मला फोटोत थर दिसत नाहीत, दाबून बसवलेला भुसा दिसतो, म्हणजे बहुधा पार्टिकल बोर्ड. शिवाय कापलेल्या कडेला ना एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी), ना सिलिकॉन. पाणी तिथूनच आत शिरलं असणार. सांगितला तो माल दिला नाही हा एक दोष आणि कड उघडी ठेवली ही सेवेतली त्रुटी. दोन्ही सिद्ध झाल्या तर ‘पाणी वगळून’ या वाक्याचा त्यांना फारसा उपयोग नाही. फोटोवरून माझा अंदाज चुकीचाही ठरू शकतो, म्हणून तपासणी हवी.

आणि याच ठिकाणी तुम्ही सगळं घालवायला निघाला आहात. पत्राच्या शेवटी लिहिता, पुढच्या सोमवारी जुनं किचन तोडायला माणसं येणार आहेत. थांबवा त्यांना. फुगलेली कपाटं भंगारात गेली की दाव्याचा पुरावा गेला. डीलर आणि कंपनी दोघांनाही लेखी कळवा की अमुक तारखेला तपासणी आहे, हजर राहा. फर्निचरच्या कामाची माहिती असलेल्या त्रयस्थ आर्किटेक्टकडून पाहणी अहवाल आणि प्रतिज्ञापत्र घ्या. प्रत्येक फुगलेल्या कपाटाचा एक तुकडा, पाइपाच्या भोकाजवळचा, जपून ठेवा. तक्रारीसोबतच नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा अर्ज द्या. कलम 38 मध्ये ती सोय आहे, खर्च बहुधा आधी तुम्हालाच भरावा लागेल. व्हॉट्सॲपचे संदेश असलेला फोन विकू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

रोखीने दिलेल्या 1 लाख 60 हजारांची पावती नाही, असं म्हणता. बिल मागितलं असतं तर जीएसटी लागला असता, म्हणून घेतलं नाही. तो वाचवलेला कर आता तुमच्याच गळ्याशी आला आहे. बँकेतून रक्कम काढल्याची नोंद आणि ‘पैसे मिळाले’ हा डीलरचा संदेश लावा. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेही तक्रारीत घ्या. पूर्ण रक्कम मान्य होईल का, सांगता येत नाही.

बाकी मुद्दे सोपे आहेत. कार्डावर ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ छापलंय, त्याला घाबरू नका. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी ठाणे जिल्हा आयोग. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर भरता येते. पैसे डीलरने घेतले आणि वॉरंटी कंपनीची, तेव्हा दोघांनाही प्रतिपक्ष करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल.

निकाल कधी लागेल? कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने आणि मालाची तपासणी करायची असेल तर पाच. प्रत्यक्षात वर्षं लागतात. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखांवर तारखा पडतात. 2021 मध्ये तर या रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. मला याची चीड येते, पण तुम्ही हे धरूनच चला. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि जास्तीत जास्त आणखी 15 मिळतात. त्यापुढे आयोग मुदत देऊ शकत नाही, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. सेहेचाळिसाव्या दिवशी आलेलं उत्तर तुमच्या वकिलाने चुपचाप घेऊ नये.

तपासणी झाल्यावर स्वयंपाकघर वापरात आणावंच लागेल. तोवर सिंकचा वेस्ट पाइप आणि नळाचा सांधा दुरुस्त करून प्लंबरची पावती ठेवा, नाहीतर ‘गळती तुमचीच’ हा बचाव त्यांना फुकट मिळेल. नवं काम करताना सिंकखाली लाकडी कारकस, म्हणजे कपाटाचा सांगाडा, टाळलेलं बरं. कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि पुढे फक्त शटर, ही आपल्याकडची जुनी पद्धत ओलीला पुरून उरते. बाकी ठिकाणी प्लाय घ्याल तर सनमायका चिकटण्याआधी प्रत्येक शीटवरचा आयएसआय शिक्का आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक यांचा फोटो काढा. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. करारात एकच ओळ स्वतः लिहून घ्या: ‘सिंकखालच्या कपाटांसह सर्व कारकस आयएस 710 चे, सर्व कापलेल्या कडा सीलबंद, ओलीने फुगल्यास विनाशुल्क बदलून देऊ.’ तिच्याखाली डीलरची सही आणि शिक्का. सही द्यायला तो कां-कूं करत असेल तर आगाऊ रक्कम देऊ नका.

कागद घेऊन वकिलांकडे जाल तेव्हा 14 मार्चच्या ईमेलची प्रत सगळ्यात वर ठेवा, प्रेषकाचा पत्ता आणि वेळ दिसेल अशी छापलेली.